कॅनडातल्या ऑन्टारियोत रिक्रिएशन आणि टूरिझम शिकायला यायचं म्हणताय, म्हणून

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. साताऱ्यात बी.पी.एड. झालंय, सुट्टीच्या दिवशी ट्रेक घेऊन जाता, आणि आता पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन ऑन्टारियोतल्या कॉलेजात रिक्रिएशन, स्पोर्ट आणि टूरिझम मॅनेजमेंटची दोन वर्षांची पदविका करायची आहे. मी 2019 मध्ये कोल्हापूरहून येऊन जवळपास हेच शिकले. नवरा आणि मुलगा बरोबर होते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून झोप लागेना.

फी, व्हिसा, बँकेत दाखवायचे पैसे हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी सांगत बसत नाही. दोनच गोष्टी सांगते, कारण एजंट त्यावरून पटकन पुढे सरकतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून कॉलेजच्या पदविकेनंतर मिळणारा वर्क परमिट ठरावीक क्षेत्रांपुरता केलाय: शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरी, वाहतूक अशी. आपला विषय त्यात बसत नाही. बॅचलर्स पदवीला ही अट नाही. दुसरं, मार्च 2024 पासून पदविकेच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळत नाही. आम्ही आलो तेव्हा नवऱ्याला मिळाला होता, आणि पहिली दोन वर्षं घर त्याच्याच पगारावर चाललं.

आता कोर्सबद्दल. कार्यक्रमांची आखणी, बजेट, इव्हेंट, तलाव आणि आइस रिंकची देखभाल, जोखीम आणि वेव्हरचे (अपघात झाल्यास दावा करणार नाही, असं पालकांकडून लिहून घ्यायचे) कागद, अपंग मुलांना खेळात कसं सामावून घ्यायचं, हे सगळं मनापासून शिकवतात. अडचण वर्गाबाहेर असते. इथल्या मुलांनी पंधरा-सोळाव्या वर्षापासून समर कॅम्पवर काम केलेलं असतं. ब्राँझ मेडॅलियन, ब्राँझ क्रॉस, मग नॅशनल लाइफगार्ड अशी बुडणाऱ्याला वाचवण्याची प्रमाणपत्रं त्यांच्याकडे आधीच असतात, आणि नगरपालिकेचं रिक्रिएशन सेंटर नोकरी देताना आधी तेच विचारतं. पंचगंगेत शिकलेलं पोहणं घेऊन मी शाळकरी पोरांबरोबर नॅशनल लाइफगार्डच्या परीक्षेला उतरले. 400 मीटर दहा मिनिटांच्या आत पोहायचं असतं. आपल्याकडे डोकं वर ठेवून हात मारत पैलतीर गाठायची सवय. इथे तोंड पाण्यात घालून श्वास बाजूला घ्यायचा. ते अंगवळणी पडेपर्यंत मानेची वाट लागली, पण जमलं. आणि खरं सांगते, आजची नोकरी मला पदविकेपेक्षा त्या लाइफगार्डच्या कार्डामुळे मिळाली. तुम्हाला पोहता येत असेल तर साताऱ्यातच फ्रीस्टाइल पक्की करा. आणि लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टच्या कॅम्पची भरती जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते, बाहेर बर्फ असतानाच.

कागदांचं मात्र सांगायलाच हवं. लहान मुलांबरोबर काम करायला पोलिसांचा व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे तुमच्या नावावर गुन्हा नाही ना याची तपासणी, लागतो. माझ्या गुणपत्रिकांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. ही एकच बाई आहे हे पटवून देताना पहिला उन्हाळा हातचा गेला. लग्नाचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, तरी आणखी एक कागद मागायचे. आजही सरकारी पाकीट आलं की पोटात गोळा येतो. पत्नीची कागदपत्रं वेगवेगळ्या नावांची असतील तर राजपत्रातली नोंद तिथेच करून घ्या.

मुलीच्या शाळेचं विचारलंत. इथे इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरते. माझा मुलगा डिसेंबरचा. कोल्हापुरात पहिली संपवून नुकता दुसरीत गेला होता, इथे थेट तिसरीत बसवला, वर्गात सगळ्यात लहान. इंग्रजीच्या जादा तासाला त्याला वर्गातून बाहेर काढायचे, आणि तो तास नेमका जिमच्या वेळेला. ज्या एका तासाला भाषा लागत नाही, पोरं पळतात, चेंडू टाकतात, ओळख होते, तोच तास त्याचा काढून घेतला. मी शाळेत जाऊन हे सांगितलं. बाई गोड बोलल्या, वेळापत्रक बदलता येत नाही म्हणाल्या. त्याचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण तो खेळत नाही. शनिवारी मी सेंटरवर दुसऱ्यांच्या मुलांचे वाढदिवस सांभाळते; चार-पाच वर्षांच्या पोरांच्या स्केट्सच्या नाड्या घोट्यापाशी दोन्ही हातांनी ओढून बांधते, उठून उभं करते, पहिलं पाऊल टाकेपर्यंत कोपर धरून राहते. त्या वेळी माझा मुलगा घरी एकटा खोलीत असतो. हा धंदाच असा की लोकांची सुट्टी म्हणजे आपलं काम. शनिवार, रविवार, मार्च ब्रेक, उन्हाळा, सगळे. शाळेच्या त्या तासाबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

एकटेपणा असतो. मंडळाचा गणपती असतो, व्हिडिओ कॉल असतो, पहिला हिवाळा जातो. त्यापायी बेत रद्द करू नका.

शिकून साताऱ्याला परतायचं आणि कासच्या बाजूला कॅम्प काढायचा असा दुसरा विचार लिहिलाय. त्यासाठी एवढे पैसे घालून इथे यायची गरज मला दिसत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा, पाण्याचे खेळ घ्यायचे असतील तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. इथली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे अपघाताआधीचा विचार: दहा मुलांमागे माणसं किती, कोण कुठे उभं राहणार, वीज कडाडली तर कुठे जायचं, हे आदल्या दिवशी कागदावर असतं. ते मी तुम्हाला फोनवरही सांगेन, आमच्या सेंटरवर ते कागद कसे भरतात तेही दाखवेन.

आणि तुमच्या पत्नीबद्दल प्रश्नात एक ओळही नाही. त्यांचं शिक्षण काय, त्या काय काम करतात? त्या सोळा महिन्यांच्या किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सला आल्या तर तुम्हाला कामाचा परवाना मिळू शकतो, आणि मग लाइफगार्डचं कार्ड काढून तुम्ही पदविकेशिवायही सेंटरवर लागू शकता. आज घरी त्यांना विचारा आणि मला कळवा, मग कॉलेजांची यादी काढू.