वाचकांचे प्रश्न : परदेशी सुटे भाग, भाडे आणि सीमाशुल्क

प्रश्न : माझ्याकडे १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. तिच्यासाठी जर्मनीहून नवे मडगार्ड आणि ब्रेकचे काही भाग मागवले. मालाची किंमत ४०,००० रुपये आणि विमानाने आणण्याचे भाडे १४,००० रुपये झाले. कुरिअर कंपनीने माझ्याकडून २०,४०२ रुपये सीमाशुल्क वसूल केले, म्हणजे भाड्यावरही कर लावला. हे नियमात बसते का? आणि पुढच्या वेळी खर्च कसा आटोक्यात ठेवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाड्यावर कर लागतो हे खरे, पण तुमच्याकडून तो जास्त घेतलेला दिसतो. आपल्याकडे सीमाशुल्क नुसत्या मालावर नव्हे, तर माल, भाडे आणि विमा यांच्या एकत्रित मूल्यावर आकारले जाते. मात्र २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतील १० व्या नियमानुसार माल विमानाने आला असेल, तर प्रत्यक्ष भाडे कितीही असले तरी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाडे या मूल्यात धरता येत नाही. विम्याचा आकडा कागदावर नसेल, तर तो मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात.

आता तुमचेच आकडे घेऊ. माल ४०,०००, भाडे फार तर ८,००० आणि विमा ४५०, म्हणजे करपात्र मूल्य ४८,४५० रुपये. मडगार्ड आणि ब्रेकचे भाग सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या ८७०८ या शीर्षात (मालाच्या वर्गात) येतात. त्यावर मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि करपात्र मूल्य, शुल्क व अधिभार यांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), असा एकूण बोजा ३७.४७ टक्के पडतो. (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी आयजीएसटी २८ टक्के होता, तेव्हा हाच बोजा ४९ टक्क्यांवर जात असे.) म्हणजे शुल्क १८,१५४ रुपये व्हायला हवे होते. कंपनीने भाडे पूर्ण १४,००० धरल्यामुळे तुम्ही सुमारे २,२४८ रुपये जास्त भरले आहेत.

प्रथम कंपनीकडून बिल ऑफ एंट्रीची (सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या आयातपत्राची) प्रत मागवा, त्यात भाड्याच्या रकान्यात कोणता आकडा आहे तो पाहा आणि दुरुस्तीची लेखी मागणी करा. नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. शुल्कनिर्धारणाचा आदेश आधी दुरुस्त व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे अपील करण्याची मुदत ६० दिवसांची असते. एवढ्या रकमेसाठी वकील लावणे मात्र मला परवडणारे वाटत नाही. बिलात कंपनीचे स्वतःचे हाताळणी शुल्क वेगळे दाखवले असेल, तर तो सरकारी कर नाही, हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या वेळी खरी काटकसर कराच्या दरात नाही, खोक्याच्या मापात आहे. कुरिअर कंपन्या सहसा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल, तर त्यावर भाडे लावतात. ११० बाय ६० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यातले मडगार्ड जेमतेम सात किलोचे असले, तरी भाडे जवळजवळ ५३ किलोंचे होते. ब्रेकचे भाग त्याच खोक्याच्या पोकळीत भरायला सांगितले, तर त्यांचे वेगळे भाडे सहसा पडत नाही. शिवाय युरोपबाहेर जाणाऱ्या मालावरचा जर्मनीतला १९ टक्के व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) विक्रेता वगळू शकतो : ११९ युरोची वस्तू १०० युरोला मिळते. पण सगळेच विक्रेते तसे करत नाहीत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारावे. आणखी एक गोष्ट : वैयक्तिक वापराची पार्सले ९८०४ या वेगळ्या शीर्षाखालीही सोडवली जातात आणि तिथला दर निराळा असतो. आपला माल कोणत्या शीर्षाखाली दाखवणार, हे कंपनीला आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : परदेशातला विक्रेता इन्व्हॉइसवर कमी किंमत टाकून ‘भेटवस्तू’ असे लिहून द्यायला तयार आहे. वस्तू म्हणजे वापरलेला कार्ब्युरेटर आहे. मागवावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागवू नये. भेटवस्तू म्हटल्याने शुल्क टळत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटींना असलेली सवलत डिसेंबर २०१९ मध्येच संपली, आता राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद उरला आहे. खोटी किंमत दाखवल्यास माल जप्त होऊ शकतो आणि वर दंडही बसतो. त्याहून मोठी अडचण ‘वापरलेला’ या शब्दात आहे : भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर जुना माल आणायचा, तर विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. तुमच्या गाडीचाच कार्ब्युरेटर कायम ठेवून त्याचे नवे दुरुस्ती किट मागवा. ते लहानशा पाकिटात येते आणि भाडेही नाममात्र पडते.