जपानहून आणलेली लाकडी निओ द्वारपालांची जोडी घरात कुठे ठेवावी? दाराजवळ चालेल का?

हो, दाराजवळ चालेल, तीच त्यांची खरी जागा. जपानमध्ये निओ सहसा देवळाच्या गाभाऱ्यात नसतात, महाद्वाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पहारा देतात. म्हणून घरातही जोडी फोडू नका: आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला तोंड उघडं असलेला आग्यो, डाव्या हाताला मिटल्या ओठांचा उनग्यो. नारा येथील तोदाइ-जी या बौद्ध देवळाच्या दक्षिण महाद्वारात मात्र ही बाजू उलटी आहे आणि दोघे समोरासमोर उभे आहेत. उनकेइ, काइकेइ हे शिल्पकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ साली घडवलेल्या या मूर्ती आठ मीटरहून उंच आहेत. तिथेच बाजू उलटी असल्यामुळे तुमची जोडी तशी मांडली तरी चूक म्हणता येणार नाही. मूर्ती जमिनीवर नकोत, निदान कमरेइतक्या उंचीवर ठेवा. चपलांच्या कपाटावर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून तर मुळीच नकोत. घरात बुद्धमूर्ती असेल तर ती मध्ये आणि उंचावर, हे दोघे तिच्या पुढे, खाली, दोन बाजूंना.

लाकूड जपणं हाही आदराचाच भाग आहे. थेट ऊन, एसीचा झोत आणि पावसाळ्यातली ओली भिंत यांनी लाकडाला तडे जातात किंवा बुरशी येते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं आणि तेल टाळा.

हे सगळं शोभेसाठी घेतलेल्या नव्या मूर्तींना लागू आहे. जोडी जुनी असून पूर्वी एखाद्या देवळात पूजेत असलेली असेल, तर मांडण्याआधी त्या परंपरेतल्या भिक्षूंना विचारा, कारण अशा मूर्तींवर नेत्रोन्मीलनाचा, म्हणजे डोळे उघडून मूर्तीची प्रतिष्ठा करण्याचा, विधी झालेला असू शकतो.