एकाच नावाच्या दोन नोंदी: पणजोबा नेमके कोणते?

तुम्हाला वसईच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत १८८५ आणि १८८९ साली एकाच नावाची दोन मुलं सापडली, बापाचं नावही तेच. यातले पणजोबा कोणते, आणि मुंबईत वारलेल्या ज्या गृहस्थाने इंग्रजी मृत्युपत्रात त्यांना 'नेव्ह्यू' म्हटलंय तो आपला कोण, असा प्रश्न आहे.

मी वसईचाच, आणि अशाच गुंत्यात दोन वर्षं काढलीत. आमच्याकडे अख्ख्या पाड्याचं आडनाव एक असू शकतं, त्यामुळे नुसतं नाव-आडनाव जुळलं म्हणून नातं पक्कं धरू नका.

आधी त्या दोन्ही नोंदींचा समास बघा. १९०८ च्या ईस्टरपासून रोमचा नियम लागू झाला, की लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची. पणजोबांचं लग्न त्यानंतरचं असेल तर एका समासात पणजीचं नाव मिळण्याची बरीच आशा आहे. आमच्या वहीत ती ओळ शिवणीत गेली होती, शाई उडालेली. फादरांनी पान खिडकीपाशी तिरपं धरलं तेव्हा कुठे पणजीचं नाव लागलं. माझे डोळे भरून आले होते.

समास कोरा असेल तर दफनाची वही काढा. दोन्ही मुलांची आई एकच निघाली, तर थोरला लहानपणीच गेला असेल आणि त्याचंच नाव धाकट्याला ठेवलं असेल. आई वेगळी असेल तर गॉडफादर-गॉडमदरची नावं उतरवून घ्या. बहुधा ते घरातलेच असतात.

आता मृत्युपत्र. 'नेव्ह्यू' म्हणजे पुतण्याही आणि भाचाही. तुम्ही पुतण्या धरून बापाकडची माणसं शोधताय. एकदा आईचं माहेर तपासा. मृत्युपत्रात एखाद्या मुलीचं नाव नाही म्हणून ती नव्हतीच असंही समजू नका, लग्नात तिचं देणं देऊन झालेलं असू शकतं. त्या घरातली आणखी मृत्युपत्रं हवी असतील तर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. नोंदवलेली मृत्युपत्रं तिथे तीन नंबरच्या पुस्तकात असतात. शोध कार्यालयच घेतं, आणि करणारा हयात नसेल तर नक्कल कोणालाही मिळते. फक्त नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून तिथे काही मिळालं नाही तरी शोध सोडू नका.

माझं कोडं मात्र लग्नाच्या वहीने सोडवलं. नात्यात लग्न करायचं तर चर्चची सूट घ्यावी लागे, १९१८ पर्यंत अगदी चौथ्या पायरीपर्यंत. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी, चौथी म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी. शेजारच्या आळीतल्या घराशी आमचं काही नातं नाही, असं घरात सगळेच सांगायचे. पण त्या घरात दिलेल्या आमच्या एका मुलीच्या लग्नाच्या नोंदीत 'तेर्तिओ ग्रादू' हे दोन लॅटिन शब्द निघाले. तिसरी पायरी! मग त्या दोघांपासून तीन पिढ्या मागे जाऊन तो समान पणजा शोधायला एक दुपार पुरली.

तुमच्या पणजोबांच्या आणि त्यांच्या बहिणींच्या लग्नाच्या नोंदी काढा. 'ग्रादू' असलेली ओळ दिसली तर जशीच्या तशी इथे उतरवा, मी लावून देतो.