अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथविधीला काय होतं? घरच्यांना न्यावं का?

तुमचा शपथविधी पुढच्या महिन्यात आहे आणि गावाकडचे काय म्हणतील या धास्तीने कुणाला सांगावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. सांगा. मुलांना न्या, साडी नेसा, फोटो काढा. लपवावं असं त्यात काहीही नाही.

तिथला कार्यक्रम साधा असतो. बोलावण्याच्या पत्रासोबतचे प्रश्न (मुलाखतीनंतर परदेशी गेलात का, अटक झाली का वगैरे) त्याच दिवशी भरायचे. ग्रीनकार्ड तिथेच जमा होतं. शपथ झाली की प्रमाणपत्र हातात येतं, त्यावरचं नाव खुर्चीतून उठण्याआधी अक्षर न अक्षर वाचा.

माझा शपथविधी न्यूअर्कला झाला. देशांची नावं पुकारत होते, आपला देश आला की उभं राहायचं. 'इंडिया' म्हटल्यावर आम्ही बरेच जण उठलो आणि मला बाबा आठवले. परक्या राज्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडते, या अर्थाचं वाक्य शपथेत आहे. ते आधी अनेकदा वाचलं होतं, तरी म्हणताना आवाज फुटेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. त्या कुठल्या देशाच्या हेही मला माहीत नाही. आम्ही दोघी रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आईने आशीर्वाद दिला. भावाचा फोन आला, "देश सोडलास ना? मग आता शेत कशाला धरून बसलीस?" बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आई, तो आणि मी अशी तीन नावं लागली. थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर आला. "परदेशी माणसाच्या नावावर शेतजमीन राहत नाही, सरकार काढून घेईल," हे वर.

हे धादांत खोटं आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाला आणि ओसीआयवाल्याला (ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड) शेतजमीन, फार्महाऊस नव्याने विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही. पण वारसाहक्काने आलेली जमीन राहते. मुलीचा मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये मानला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. न्यूअर्कच्या शपथेने तो पुसला जात नाही.

आणि देश सोडला म्हणजे काय? अमेरिका तुमचा भारतीय पासपोर्ट मागतसुद्धा नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं, हा आपला १९५५ चा कायदा आहे, कलम ९. दोन्ही ठेवायची मुभा असती तर मी दोन्ही ठेवली असती. भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात होते, भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे होते आणि तरीही इथल्या नागरिकत्वासाठी कोर्टात लढले. १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ते 'गोरे' नाहीत म्हणून नाकारलं, त्यानंतर ज्यांना आधी मिळालं होतं अशा अनेकांचंही काढून घेतलं गेलं. आपल्या लोकांना हा हक्क कायद्याने मिळाला तो थेट १९४६ मध्ये. त्या माणसांना कुणी देशद्रोही म्हणून दाखवावं.

एक राहिलंच. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय. यात वेळ जातो, म्हणून लगेचच्या लग्नकार्याची तिकिटं काढून ठेवू नका. ओसीआयवर मतदान करता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

मी वकील नाही. जमीन वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र आहे का, यावर बरंच ठरतं. तेव्हा घरून हक्कसोडपत्र आलं तर सही करण्याआधी आपला स्वतंत्र वकील करा, समोरच्याने सुचवलेला नको.