अपिलात भावाचं नाव नको

बोरिवली, रविवार रात्र

प्रिय,

ऑनलाइन गेममध्ये बॉट, म्हणजे तुझ्याऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, चालवला म्हणून कंपनीने तुझं अकाउंट बंद केलं; त्यावरच्या अपिलाचे तुझे तिन्ही मसुदे काल बोरिवली फास्टमध्ये उभ्यानेच वाचले. पहिल्यात अकाउंट हॅक झालंय, दुसऱ्यात धाकट्या भावाने बॉट लावलाय, तिसऱ्यात तुला बॉट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. कुठला पाठवू, असं विचारतोस. एकही नको. चौथा लिही आणि सुरुवातच 'मी केलं' अशी कर.

तीन वर्षांचं अकाउंट गेल्यावर घास उतरत नाही, हे मला माहीत आहे. 'गेमच तर आहे' असं मी तुला कधीच म्हणणार नाही. पण 'आठ महिने चाललं, मग आत्ताच का' हा काय प्रश्न झाला? बॉट दिसला की कंपनी लगेच काढतेच असं नाही. आधी खुणा जमवते: रोजचा तोच रस्ता, दोन क्लिकमधलं तेवढंच अंतर, वीस-वीस तास न थांबणारा हात. मग एका दिवशी सगळ्यांना एकदम उडवते, म्हणजे आपण नेमके कशाने सापडलो हे बॉट विकणाऱ्याला उमगत नाही. बॅन वेव्ह म्हणतात ती हीच. मे 2015 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधून 1 लाखाहून जास्त अकाउंट अशीच सहा महिन्यांसाठी बाहेर काढली होती. तुझे आठ महिने तसेच कुठेतरी नोंदले जात होते.

'पैसे मी भरले, अकाउंट माझं' हेही खोड. ग्लायडर नावाचा वॉरक्राफ्टचा बॉट 2005 मध्ये एका खेळाडूने आधी स्वतःपुरता बनवला, पुढे त्याचे 1 लाख 20 हजार परवाने विकले. प्रकरण अमेरिकेत अपिली कोर्टापर्यंत गेलं. 2010 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की खेळाडू गेमच्या सॉफ्टवेअरचा मालक नाही, परवानाधारक आहे.

आणि 'मी कुणाचं काय बिघडवलं?' तू झोपलेला असताना बॉटने खणलेलं खनिज गेममधल्या त्याच बाजारात आलं ना? दसरा उलटल्यावर दादरच्या फुलबाजारात झेंडूचं जे होतं, तेच त्याचं झालं. शाळेतून येऊन तासभर हाताने खणणाऱ्या पोराच्या मालाला भाव उरला नाही. तू केलंस. म्हण, 'मी केलं.'

मी का एवढा हट्टाला पेटलोय ते सांगतो. 2009 साली मीही बॉट चालवायचो. चर्चगेटला नोकरी, घरी यायला रात्रीचे साडेनऊ. गिल्डमधली, म्हणजे गेममधल्या आमच्या गटातली, बाकीची पोरं कॉलेजातली, दिवसभर खेळणारी. मी मागे पडत होतो. दमलेल्या माणसाला रोज तोच दगड दोनशेदा फोडायला लावणारा गेम चुकीचाच होता, हे माझं मत आजही कायम आहे, ते मी मागे घेणार नाही. पण बॅन आल्यावर मी अपिलात लिहिलं, 'धाकट्या भावाने माझ्या नकळत चालवला.' गिल्डलाही तेच सांगितलं.

अकाउंट परत मिळालं नाहीच. भावाला मात्र गिल्डमधून काढलं. नववीत होता तो. का काढलं, हे त्याला चॅटमध्ये दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. मला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्या कॉम्प्युटरवर पुन्हा बसला नाही. आता पुण्याला असतो, गणपतीला येतो, आरतीला माझ्या शेजारी उभा राहतो, सगळ्या विषयांवर बोलतो. त्या गेमचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. त्याच्यासमोर 'मी केलं' हे दोन शब्द मला अजून उच्चारता आलेले नाहीत. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो, आणि लहान भावावर कोण रागावणार असं मला खरंच वाटलं होतं. ते कारण मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवतोय.

तुझा दुसरा मसुदा वाचून मी अंधेरीला फोन खिशात ठेवला, तो बोरिवलीपर्यंत बाहेर काढला नाही.

तर आता लिही. बॉटचं नाव, कुठल्या महिन्यापासून चालवला, रोज किती तास, कधी काढून टाकला. 'सगळेच करतात' नको, परीक्षेचा ताण नको. अकाउंट बहुतेक मिळणार नाही, तरी लिही. 'मी केलं' पहिल्या ओळीत हवं, चौथ्या परिच्छेदात लपवलेलं चालणार नाही.

उद्या रात्री दहापर्यंत पाठव. शुद्धलेखन मी बघतो.

तुझा,
दादा