फळ्यावरचे १२ सेकंद

‘मॅडम, एवढा घाम गाळूनही माझी प्रगती थांबली आहे. बाकीचे पुढे गेले. माझ्यातच काही कमी आहे का?’ व्यायामवर्गांतला हा प्रश्न अलीकडे समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून येतो, की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. साताऱ्यात पहाटेचा व्यायाम म्हटला की पूर्वी अजिंक्यताऱ्याची किंवा चार भिंतीची चढण, नाही तर तालीम एवढेच डोळ्यांपुढे येई. आता तीव्र व्यायामाचे गटवर्गही चांगले रुळले आहेत आणि बर्पी, थ्रस्टर, केटलबेल हे शब्द पन्नाशीच्या गृहिणींच्याही बोलण्यात सहज येतात. या वर्गांत व्यायाम संपताच प्रत्येकाची वेळ नावासह फळ्यावर लिहिली जाते, आणि स्वतःचा जुना विक्रम मोडणाऱ्याने घंटा वाजवायची पद्धतही काही ठिकाणी आहे. एकट्याने जे कधीच जमले नसते ते या फळ्यामुळे आणि गटामुळे अनेकांना जमते, हे मला मान्य आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांची झोप उडवणाराही बहुधा हाच फळा असतो.

ज्यांची हकीकत सांगणार आहे त्यांना वैशालीताई म्हणू या. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदललेले आहेत. वय ४१, एका पतसंस्थेत बचत खात्यांच्या खिडकीवर नोकरी. पहाटेच्या बॅचला जाऊ लागल्यापासून त्यांची सुरुवातीची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. ‘फ्रॅन’ नावाचा एक ठरावीक व्यायाम या वर्गांत कसोटी म्हणून वापरतात. त्यात थ्रस्टर (वजन खांद्यांपाशी धरून बैठक मारायची आणि उठता उठता ते डोक्यावर ढकलायचे) आणि पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढायचे) प्रत्येकी आधी २१, मग १५ आणि शेवटी ९ वेळा करायचे असतात आणि एकूण लागलेला वेळ मोजायचा असतो. वैशालीताई हलक्या वजनाने आणि पुल-अपला रबरी बँडचा आधार घेऊन तो करीत. पहिल्या खेपेला त्यांना १४ मिनिटे लागली, तीन महिन्यांनी ९ मिनिटे ४० सेकंद. त्यांनी घंटा वाजवली आणि सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या. पुढच्या कसोटीत मात्र ९ मिनिटे ५२ सेकंद लागले, आणि त्याच दिवशी त्यांच्या मागून आलेल्या चोविशीतल्या मुलीने ८ मिनिटांच्या आत काम संपवले.

त्यानंतर ताईंनी आठवड्यातून सहा दिवस, कधी संध्याकाळीही, वर्गाला जायला सुरुवात केली. झोप तुटू लागली, मुलांवर विनाकारण ओरडणे वाढले आणि दुसऱ्या कोणाची घंटा ऐकली की पोटात गोळा येऊ लागला. ‘मिस्टर म्हणतात, एवढा त्रास होतो तर बंद कर. पण बंद केलं तर मी हरले असं होईल ना?’ हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

पहिल्या काही भेटी मी फळ्याविषयी बोललेच नाही. त्यांची झोप, जेवण आणि कामाचे तास यांविषयीच विचारत राहिले. मग एके दिवशी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘दोन्ही दिवशी सगळं अगदी सारखंच होतं का?’

‘हो, तेच वजन, तेच आकडे.’ थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘बँड तेवढा वेगळा होता. कोचनी जाड बँड काढून पातळ दिला होता.’

बँड जितका जाड, तितके शरीराचे अधिक वजन तो उचलून धरतो. म्हणजे त्या दिवशी ताईंनी आपल्या शरीराचा आधीपेक्षा जास्त भार स्वतःच्या हातांनी वर ओढला होता, आणि त्याची किंमत फक्त १२ सेकंद होती. शिवाय ती कसोटी मार्चअखेरीच्या आठवड्यातली. पतसंस्थेत रात्री उशिरापर्यंत थांबून पाच तासांच्या झोपेवर त्या व्यायामाला उभ्या राहिल्या होत्या. यातले काहीच फळ्यावर लिहिले गेले नव्हते. हे लक्षात येताच त्यांचा चेहरा उजळला आणि ‘म्हणजे मी मागे गेलेच नव्हते!’ असे म्हणत त्या निघायच्या तयारीला लागल्या.

बरेच जण इथे समुपदेशन संपले असे मानतात. मी तसे मानत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर आहे, आणि त्या पद्धतीने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे: आकड्याचा अर्थ सुधारून मिळालेला दिलासा पुढच्या वाईट आकड्यापर्यंतच टिकतो. म्हणून मी त्यांना थांबवले आणि विचारले, ‘समजा, बँड तोच होता. झोपही पुरेशी झाली होती. तरीही १२ सेकंद जास्त लागले. मग?’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. ‘मग मी कमी पडले,’ असे अखेरीस म्हणाल्या.

‘व्यायामात कमी पडलात, की माणूस म्हणून?’

या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकले असते, परंतु समोरच्याचे शब्द त्याच्याच कामातून आले तर ते अधिक खोल रुजतात, असा माझा अनुभव आहे. मी त्यांना एवढेच विचारले, की खिडकीवर येणाऱ्या खातेदाराची शिल्लक गेल्या महिन्यापेक्षा घटलेली दिसली तर त्या काय करतात. ताई प्रथम हसल्या आणि मग सावकाश म्हणाल्या, ‘पासबुक भरून देते. त्याला बसायला खुर्ची देते, नेहमीसारखीच. शिल्लक कमी झाली म्हणून माणूस कमी झाला असं कुठं असतं?’ बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आले होते. पुढच्या भेटींमध्ये आम्ही हेच वाक्य वेगवेगळ्या प्रसंगांवर घासून पाहिले, आणि त्या तरुण मुलीच्या वेळेवरही. समुपदेशकाला असे क्षण वारंवार मिळत नाहीत. त्यासाठी आधी बराच काळ गप्प बसण्याची तयारी लागते, हे मात्र मी थोड्या समाधानाने नमूद करते.

अशी चिंता असणाऱ्यांनी व्यायामाची काही वस्तुस्थिती समजून घ्यावी. पहिल्या आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते ती मुख्यतः स्नायू वाढल्यामुळे नव्हे, तर आहेत त्याच स्नायूंना अधिक नीट कामाला लावायला मज्जासंस्था शिकते म्हणून. हे शिकणे बऱ्यापैकी झाले की पुढची वाढ मंदावते, आणि तिला ‘प्रगती थांबली’ म्हणणे हा हिशेबाचा घोटाळा आहे. शरीर व्यायामाच्या वेळी थकते आणि विश्रांतीत सुधारते, म्हणून चिंतेपोटी वाढवलेले वर्ग नेमके उलट काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला तीव्र व्यायामाची ७५ ते १५० मिनिटे सुचवली आहेत. ताई त्यापलीकडे कधीच्याच गेल्या होत्या. सकाळी उठताना नाडीचे ठोके नेहमीपेक्षा सतत जास्त लागणे, चिडचिड आणि झोपमोड ही जादा ताणाची चिन्हे असू शकतात. अतितीव्र व्यायामानंतर स्नायू असह्य दुखू लागले, सुजले आणि लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, तर मात्र कोणत्याही समुपदेशकाकडे न येता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, कारण त्यात मूत्रपिंडांना धोका असतो.

मग वेळ लिहायचीच नाही का, असे ताईंनी मला विचारले होते. जरूर लिहावी, पण स्वतःच्या वहीत, आणि तिच्याशेजारी वजन, बँड, आदल्या रात्रीची झोप आणि पाळीचा दिवसही लिहावा. कसोटी दर वर्गाला न घेता सहा ते आठ आठवड्यांनी घ्यावी. पुढचा टप्पा कोणता, हे फळा पाहून न ठरवता कोचशी बोलून स्वतः ठरवावे. ताईंनी बँडशिवाय एक पुल-अप हा टप्पा निवडला आणि वर्ग आठवड्यातून चार दिवसांवर आणले. ती मुलगी आजही त्यांच्या पुढेच आहे. हेवा वाटतो का, असे मी मुद्दाम विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वाटतो की! पण आता तिलाच विचारते, पुल-अपला पकड कशी धरतेस म्हणून.’