निधीचा करार लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, वस्त्यांच्या निधीचं काम तुझ्याकडे येतंय, तर आधी वाडेयचा अनुभव समजून घे. हे गाव नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे पूर्ण राज्याचा दर्जा नसलेल्या उत्तरेकडच्या प्रदेशात, डार्विनच्या नैर्ऋत्येला आहे. सरकारी समन्वय सुधारण्याच्या 2002 च्या प्रयोगासाठी निवडलेल्या वस्त्यांपैकी ते एक. गावाला प्रत्येक खात्याशी वेगळं झगडावं लागू नये, हा हेतू. 2006 च्या मूल्यमापनात उलटंच निघालं: साठेक निधी-करार होते, ते नव्वदीच्या पुढे गेले होते. समन्वयाच्या नावाने नवी योजना सुरू करणं सोपं असतं. जुनी बंद करायला किंवा दुसरीत मिसळायला कुणी पुढे येत नाही. मग बोजा पडतो गावातल्या त्या दोन-तीन माणसांवर, जी सगळे अहवाल लिहितात.

म्हणून पहिलं काम तक्त्याचं. प्रत्येक कराराची एक ओळ: पैसा कुठल्या खात्याचा, रक्कम किती, मुदत कधी संपते, अहवाल कधी द्यायचा, त्यात कोणती माहिती मागितली आहे. शेवटचा रकाना नीट वाच. तीच माहिती तीन खाती तीन नमुन्यांत मागत असतील, तर ते नमुने एक करून घेणं हे तुझं काम, गावाचं नव्हे.

पैशाची वाट सरळ नाही. 1967 च्या सार्वमतानंतर केंद्राला ॲबोरिजिनल लोकांसाठी कायदे करण्याचा अधिकार मिळाला, पण शाळा, घरं, पोलीस हे राज्यांकडे आणि टेरिटरीकडेच राहिलं. केंद्राचा काही निधी 2019 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय इंडिजिनस ऑस्ट्रेलियन्स एजन्सीकडून येतो, आरोग्याचा आरोग्य खात्याकडून. जीएसटीच्या वाटपात दुर्गम ॲबोरिजिनल लोकसंख्येमुळे टेरिटरीला दरडोई बराच जास्त वाटा मिळतो. मात्र तो बिनशर्त असतो, त्याच वस्त्यांवर खर्च करायचं बंधन नसतं. महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचे 5 टक्के थेट पेसा गावांना (आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) जातात, तशी सोय इथे गृहीत धरू नकोस. ‘टेरिटरीला भरपूर पैसा मिळतो’ असं कुणी म्हटलं, तर गावात प्रत्यक्ष किती खर्च झाला तो आकडा माग.

सर्वांत जास्त नुकसान कराराच्या मुदतीने होतं, म्हणून इथे वेळ घाल. आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. करार एक वर्षाचा असेल आणि नूतनीकरणाचं पत्र मेअखेर आलं नसेल, तर नर्स आणि शिक्षक तोवर दुसरीकडे नोकरी शोधू लागलेले असतात. नव्या माणसासाठी घरही लागतं आणि दुर्गम गावात रिकामं घर मिळत नाही. त्यात पावसाळा. साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वाडेयचा रस्ता बंद पडतो. माल बार्जने (सपाट मालवाहू बोटीने) नाहीतर विमानाने आणावा लागतो. जुलैत सुरू व्हायच्या करारावर ऑक्टोबरात सही झाली, तर बांधकामाचा कोरडा हंगाम वाया गेलाच. पुढे ‘निधी अखर्चित’ असा शेरा बसतो आणि दोष गावाच्या माथी येतो. उत्पादकता आयोगाने, म्हणजे केंद्र सरकारच्या सल्लागार संस्थेने, 2017 मध्येच दुर्गम मूळनिवासी वस्त्यांतल्या सेवांसाठी दहा वर्षांच्या करारांची शिफारस केली आहे. टिपणीत तिचा आधार घे. दहा मिळाली नाहीत तरी एका वर्षावर मान डोलावू नकोस.

अंदाजपत्रकात मुरिनपाथा या वाडेयच्या भाषेचा दुभाषा, विमानभाडं, लेखापरीक्षण आणि दरवर्षीची महागाईवाढ हे स्वतंत्र धर. नाहीतर हा खर्च सेवेच्या रकमेतूनच जातो.

बैठकीची तारीख ठरवताना एक पर्यायी तारीखही ठेव. गावात मृत्यू झाला की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे शोकविधी, सुरू होतात आणि बैठक थांबते. ती थांबलीच पाहिजे. त्या काळात सह्यांसाठी फोन करणं फार दुखावणारं असतं. हजेरीपटावरच्या सह्यांना संमतीही समजू नकोस. 2020 च्या ‘क्लोजिंग द गॅप’ या राष्ट्रीय करारात सरकारांनी मूळनिवासींसोबत मिळून निर्णय घेण्याचं वचन दिलं, आणि 2024 च्या आढाव्यात उत्पादकता आयोगाने सांगितलं की सरकारांचं वागणं फारसं बदललेलंच नाही. त्यामुळे रकमा ठरायच्या आधी गावात जा, कोरा मसुदा घेऊन.

आणि तो तक्ता तयार झाला की आधी गावातल्या संस्थेकडे पाठव. त्यांनी चुका दुरुस्त केल्या, की मग वरिष्ठांकडे.

तुझा हितचिंतक